गांजा ‘लीगल’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीत कायदा बदलला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता, ‘जर्मनीत गांजा लीगल, दुकानात खुलेआम विक्री’, आणि खाली काचेच्या बरण्या मांडलेल्या शेल्फचा फोटो. माझा भाचा तिकडे शिकतोय म्हणून ताई घाबरली, लगेच मला फोन, की बाई तू त्याच्याशी बोल, तुझं ऐकतो तो. मी बोलले. तर तो म्हणाला, "मावशी, इथे दुकानच नाहीये. विकायची परवानगी कोणालाच नाही." म्हणजे लीगल आहे, पण विकत मिळत नाही. ताईला हे काही केल्या पटेना आणि तिचं चुकत नव्हतं, पहिल्यांदा ऐकलं की कोणालाच पटत नाही. म्हणून जरा बैजवार लिहितेय.

मी फार्मसिस्ट आहे. वर्षानुवर्षं काउंटरवर उभं राहून एक सवय लागते, कुठलाही डबा हातात आला की आधी उलटा करून बघायचा, कोणी बनवलंय, बॅच नंबर काय, एक्स्पायरी कधीची, ताकद किती मिलिग्रॅम. अल्प्राझोलाम ह्या चिंतेवरच्या गोळीसारख्या काही गोळ्यांसाठी तर २०१४ पासून आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. आता अल्प्राझोलाम लीगल आहे का? आहे. कोणालाही मिळते का? नाही. कोणीही बनवून विकू शकतो का? नाही. टीव्हीवर जाहिरात चालेल का? अजिबात नाही. एका ‘लीगल’ शब्दाच्या पोटात एवढे प्रश्न असतात. गांजाचंही अगदी तसंच आहे. पिकवणार कोण, विकणार कोण, घेऊ कोण शकतो, पैसा कोणाच्या खिशात जातो, आणि नियम मोडला तर दंड, उपचार की तुरुंग, हे प्रश्न विचारत गेलं की कुठल्याही देशाचा कायदा डोक्यात बसतो. नुसतं ‘लीगल की इल्लीगल’ विचारलं तर हाती काहीच लागत नाही.

त्याआधी झाडाबद्दल थोडंसं, कारण इथेच लोकांचा घोळ होतो. भांग, गांजा, चरस हे सगळं एकाच झाडाचं. पानं वाटली की भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा, चिकट राळ वेगळी काढली की चरस. नशा होते ती मुख्यतः टीएचसी नावाच्या द्रव्याने. सीबीडी नावाचं दुसरं द्रव्य आहे, त्याने नशा होत नाही, फिट्सच्या काही प्रकारांत ते औषध म्हणून वापरतात. आणि ज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच, म्हणजे ०.३ टक्क्याच्या आत, त्याला हेम्प म्हणतात, धागा, बी, तेल ह्यासाठी लावतात. उत्तराखंडने २०१८ मध्ये असल्या हेम्पच्या शेतीला परवानगी दिली तेव्हा पण ‘उत्तराखंडात गांजा लीगल’ असंच फिरलं होतं. नव्हता झाला.

आपल्याकडचा मुख्य कायदा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे अशी आहे, आणि शेंड्यांसोबत नसलेली नुसती पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. त्या एका ओळीमुळे भांग केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हातात गेली. म्हणूनच जैसलमेरला किल्ल्याच्या दरवाज्याजवळ सरकारमान्य भांगेचं दुकान आहे, मी स्वतः पाहिलंय, बोर्डावर तसं लिहिलेलंच आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं, बनवणं, पिणं गुन्हा आहे. होळीला ‘भांग तर चालते हो’ म्हणणाऱ्या नव्वद टक्के लोकांना हे माहीतच नसतं.

दुसरा गैरसमज ह्याहून जास्त धोक्याचा आहे. ‘एक किलोपर्यंत गांजा चालतो, छोटी क्वांटिटी आहे’ असं कॉलेजची मुलं एकमेकांना सांगतात. नाही रे बाबांनो, नाही चालत. एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरतात हे खरं, चरस असेल तर १०० ग्रॅम, पण अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गांजा २० किलोच्या वर असेल तर व्यावसायिक प्रमाण, तिथे कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि जामीन मिळणं महाकठीण, कारण आरोपी निर्दोष असावा असं मानायला कारण आहे हे कोर्टाला आधी पटवावं लागतं. ह्या दोघांच्या मधलं काही असेल तर १० वर्षांपर्यंत. आणि झाड लावलं तर, मग ते एक असो नाहीतर शंभर, तेही १० वर्षांपर्यंत. तुरीच्या किंवा उसाच्या आड लावलेला गांजा उपटतानाच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो ना, त्या ह्याच कलमाच्या. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जच केला होता, की कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, मला दोन एकरात गांजा लावायची परवानगी द्या. लोक हसले त्या बातमीला. मला नाही हसू आलं, त्याची चीड खरी होती.

आणि एक गोष्ट मला फार कमी लोकांना माहीत असल्याचं दिसतं. परवाना, सरकारी गोदाम, कर, ठरलेली दुकानं, ही सगळी व्यवस्था आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती. बंगालमधल्या नौगांव भागात, जो आता बांगलादेशात आहे, शेतकरी परवान्यावर गांजा लावायचे, माल गोदामात जमा व्हायचा, त्यावर कर लागायचा. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, त्यांनी देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या, आणि निष्कर्ष काय काढला, तर माफक वापराने सहसा नुकसान होत नाही, अति वापराने होतं, सरसकट बंदी घालू नका, कर आणि परवान्याने आवरा. मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, त्यात औषधाशिवायचा वापर २५ वर्षांत बंद करा असं ठरलं, आणि ती मुदत संपत आली असताना आपला १९८५ चा कायदा झाला. म्हणजे बंदी हीच आपली जुनी रीत आहे असं जे धरून चालतात ते बरोबर नाही.

आता बाहेर बघू. सगळ्यात जास्त गोंधळ ‘डीक्रिमिनलाइज’, म्हणजे गुन्ह्यांच्या यादीतून काढणं, ह्या शब्दाचा. पोर्तुगालने २००१ मध्ये हे केलं, आणि फक्त गांजाचं नाही, सगळ्याच ड्रग्जचं. तिथे स्वतःपुरतं, म्हणजे साधारण दहा दिवसांचं, जवळ सापडलं, गांजा असेल तर २५ ग्रॅम, तर गुन्हा लागत नाही. पण पोलिस माल जप्त करतात आणि तुम्हाला एका समितीसमोर पाठवतात, तिथे कायदा जाणणारा माणूस असतो, मानसशास्त्र किंवा समाजकार्यवाली व्यक्ती असते, ते बोलतात, बघतात व्यसन आहे की नाही, आणि मग उपचाराला पाठवतात, दंड करतात किंवा सोडून देतात. विकणं मात्र आजही गुन्हा. म्हणजे आपल्या प्रश्नांपैकी फक्त शेवटचा, ‘सापडलं तर काय होतं’, तेवढाच त्यांनी बदलला. आपला एक किलो आणि त्यांचे २५ ग्रॅम शेजारी ठेवून बघा, आकडा आपला चाळीस पट मोठा आहे पण आपल्याकडे त्या आकड्याच्या आत तुरुंग आहे आणि त्यांच्याकडे समितीची खोली. म्हणून नुसते ग्रॅम मोजत बसू नका, त्या ग्रॅमला काय होतं ते बघा.

पोर्तुगालच्या मॉडेलची उणीव मला एकच वाटते, पण ती मोठी आहे. माल येतो तो काळ्या बाजारातूनच. त्याला बॅच नंबर नाही, ताकद किती ते कोणाला माहीत नाही, त्यात काय मिसळलंय ते माहीत नाही. पिणाऱ्याची तुरुंगातून सुटका झाली, पुडीतलं काय आहे ते तसंच राहिलं.

नेदरलँड्सची गोष्ट ह्याच्याच पुढची आणि मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. सगळ्यांना वाटतं ॲमस्टरडॅममध्ये गांजा कायदेशीर आहे. कायद्याच्या पुस्तकात तो कधीच झाला नाही. १९७६ मध्ये त्यांनी सौम्य ड्रग्ज आणि कडक ड्रग्ज अशी विभागणी केली, आणि पुढे ठरवलं की गांजा विकणाऱ्या कॉफीशॉपवर काही अटी पाळल्या तर कारवाई करायची नाही. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, १८ खालच्याला प्रवेश नाही, दारू नाही, जाहिरात नाही, कडक ड्रग्ज तर बिलकुल नाही, आणि दुकानात एका वेळी ५०० ग्रॅमपेक्षा जास्त साठा नाही. हेतू सरळ होता, गांजा घ्यायला आलेल्या पोराला हेरॉइन विकणारा भेटू नये, दोन बाजार वेगळे राहावेत. हा हेतू बऱ्यापैकी साधला पण. पण अडचण बघा कुठे आली, दुकानाच्या पुढच्या दाराने विकायला मुभा, आणि मागच्या दाराने माल आणायला नाही! पिकवणं आणि ठोक पुरवठा गुन्हाच. मग दुकानदार रोज माल आणणार कुठून, तर गुन्हेगारांकडूनच, आणि ५०० ग्रॅमच्या मर्यादेमुळे पुन्हा पुन्हा आणणार. त्याला तिकडे ‘मागच्या दाराचा प्रश्न’ असंच म्हणतात. हे असं जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग ह्या दोन शहरांत प्रयोग सुरू झाला, सरकारमान्य शेतकरी, तपासलेला, सीलबंद माल, आणि मग वाढवत एकूण दहा नगरपालिकांत, तिथल्या दुकानांत आता असाच माल विकायचा. पण ॲमस्टरडॅमची जी दुकानं पर्यटक बघतात ती ह्या दहात नाहीत.

मला काउंटरवरून हे फार नीट समजतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक खोक्याला बिल असतं, होलसेलरचं नाव असतं. उद्या मला कोणी सांगितलं की गोळ्या विका पण विकत कुठून आणल्या ते विचारणार नाही, तर त्या गोळ्या मी माझ्या आईला देईन का? नाही देणार.

पैसा आणि बाजार दोन्ही टाळायचे म्हणून काही देशांनी तिसराच मार्ग काढला, क्लब. सुरुवात स्पेनमध्ये झाली, तिथे खाजगी जागेत स्वतःपुरतं पिणं गुन्हा नाही, मग लोकांनी सहकारी पद्धतीने एकत्र लावायला सुरुवात केली. पण कायद्यात ह्या क्लबांना धड जागा नव्हती, त्याच्या आडून हजारो मेंबरांचे धंदे सुरू झाले, २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या क्लबांविरुद्ध निकाल दिला आणि सगळंच लटकलं. माल्टाने डिसेंबर २०२१ मध्ये त्यातून धडा घेऊन क्लबांना कायद्यातच बसवलं, नफा घ्यायचा नाही, जास्तीत जास्त ५०० मेंबर.

जर्मनीने हेच उचललं, म्हणून भाच्याचं म्हणणं खरं होतं. १ एप्रिल २०२४ पासून १८ वर्षांवरच्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम जवळ बाळगता येतो, घरी ५० ग्रॅम, आणि तीन झाडं लावता येतात. १ जुलैपासून क्लब, ५०० मेंबरांपर्यंत, महिन्याला माणशी ५० ग्रॅम. आणि एक बारकावा मला फार आवडला, १८ ते २१ वयाच्यांना महिन्याला ३० ग्रॅमच आणि तोही १० टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी नसलेला, कारण मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि कमी वयात रोज तीव्र गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा, धोका वाढलेला दिसतो. शाळेच्या आसपास ओढायचा नाही, पायी चालायच्या बाजाररस्त्यांवर सकाळी ७ ते रात्री ८ नाही. गाडी चालवताना रक्तात किती टीएचसी चालेल तोही आकडा ठरलाय. एवढं सगळं बारीक लिहिलंय, पण क्लबांना परवाने मिळायला वेळ लागला, आणि दरम्यान वेगळंच घडलं. त्याच दिवशी औषधी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघून साध्या प्रिस्क्रिप्शनवर आला होता, मग ऑनलाइन डॉक्टरकडे फॉर्म भरायचा, चिठ्ठी मिळवायची, फार्मसीतून घरपोच मागवायचा असं सुरू झालं आणि आयात झपाट्याने वाढली. दुकान नको म्हणून केलेला कायदा, आणि दुकानाचं काम औषधाची चिठ्ठी करायला लागली. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे बघून वाईट वाटतं, कारण प्रिस्क्रिप्शनची किंमत अशाने जाते आणि ज्याला खरंच कॅन्सरच्या केमोनंतरच्या उलट्यांसाठी हवाय त्याच्याकडेही लोक संशयाने बघायला लागतात.

उरुग्वेबद्दल मात्र मी जरा मनापासून लिहिणार. जगात सगळ्यात आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, अध्यक्ष होसे मुहिका असताना, त्या छोट्याशा देशाने पिकवण्यापासून विकण्यापर्यंत सगळंच कायद्यात आणलं. तीन रस्ते ठेवले, घरी सहा झाडं, किंवा १५ ते ४५ मेंबरांचा क्लब, किंवा फार्मसी, आणि तिघांतला एकच निवडायचा, नाव नोंदवून. घरच्या झाडांना वर्षाला ४८० ग्रॅमची मर्यादा आणि फार्मसीत महिन्याला ४० ग्रॅम, भागाकार करून बघा, तेच येतं. कुठल्याही दाराने गेलात तरी वाटा सारखाच, म्हणजे एका रस्त्याची पळवाट दुसऱ्याला होत नाही. फार्मसीत विक्री जुलै २०१७ मध्ये सुरू झाली. काउंटरवर बोटाचा ठसा द्यायचा, सिस्टीम सांगणार ह्या आठवड्याचे १० ग्रॅम शिल्लक आहेत की नाहीत, साधं सीलबंद पाकीट, सुरुवातीचा भाव ग्रॅमला सव्वा डॉलरच्या आसपास. परदेशी पर्यटकाला मिळत नाही. ब्रँडचे झगमगाट नाहीत, ऑफर नाहीत.

आणि तरीही अडचणी आल्याच. सुरुवातीच्या मालात टीएचसी कमी होतं, लोक म्हणाले ह्याने काही होत नाही, मग पुढे तीव्र जाती आणाव्या लागल्या. नोंदणी करायला बरेच लोक तयार नव्हते, सरकारकडे आपलं नाव कशाला असं वाटायचं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे बँका. अमेरिकेच्या कायद्याला घाबरून बँकांनी त्या फार्मसीवाल्यांना सांगितलं की गांजा विकाल तर खातं बंद, आणि काही फार्मसी त्यातून बाहेर पडल्या. स्वतःच्या देशात शंभर टक्के कायदेशीर धंदा आणि खातं बंद होतंय दुसऱ्या देशाच्या कायद्याने.

त्या दुसऱ्या देशाची स्वतःची तऱ्हा आणखी वेगळी. अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने १९७० मध्ये गांजा सगळ्यात कडक यादीत टाकला, आणि राज्यं मात्र एकेक करून मोकळी करत गेली, कॅलिफोर्निया १९९६ मध्ये औषधासाठी, कोलोराडो आणि वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये मतदान घेऊन सगळ्यांसाठी, आणि आता २४ राज्यांत २१ वर्षांवरच्याला तो लीगल आहे, त्यातल्या बहुतेक राज्यांत दुकानातून घेता येतो. हे खरं बाजाराचं मॉडेल, खाजगी कंपन्या, ब्रँड, जाहिरात, ऑफर. सरकारला कर मिळतो, माल तपासलेला असतो, हे चांगलं. पण कंपनीला नफा कोणाकडून मिळतो, तर महिन्यातून एकदा घेणाऱ्याकडून नाही, रोज घेणाऱ्याकडून, आणि म्हणून माल दिवसेंदिवस तीव्र होत गेला, जुन्या गांजाच्या कितीतरी पट टीएचसी असलेले अर्क बाजारात आले. ह्याची मला खरंच काळजी वाटते. दारूचं आणि गुटख्याचं आपण बघितलंय ना, नफ्याची चटक लागलेला उद्योग कायद्याला कसा वाकवतो ते.

राजधानी वॉशिंग्टन डीसीचा किस्सा सांगते. तिथे लोकांनी २०१४ मध्ये मतदान करून बाळगणं आणि भेट देणं कायदेशीर केलं, पण विक्रीचे नियम करायला अमेरिकी संसदेने अडकाठी घातली. मग काय झालं, तर दुकानात ५० डॉलरला एक स्टिकर विकत घ्या आणि त्याच्यावर गांजा ‘भेट’ मिळवा अशी दुकानं निघाली. कायद्यात जिथे भोक राहतं तिथून बाजार आत येतो, मग तो ॲमस्टरडॅमचा मागचा दरवाजा असो, बर्लिनची ऑनलाइन चिठ्ठी असो की हे स्टिकर.

आणि अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलांनी हे नीट वाचा. राज्यात लीगल आहे म्हणून तुमच्यासाठी लीगल आहे असं नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं फेडरल कायद्याने चालतं. कॅलिफोर्नियातल्या दुकानातून पावती घेऊन विकत घेतलेला असला तरी गांजा ओढल्याची नुसती कबुली अंगाशी येऊ शकते, आणि गांजाच्या कंपनीत अकाउंटंटची नोकरी केली तरी नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’वर बोट ठेवता येतं, २०१९ पासून तसं धोरण लेखी आहे. शेजारचा अमेरिकन मित्र निवांत ओढतोय म्हणजे त्याच्या आणि तुमच्या पायाखालची जमीन एकच आहे असं समजू नका.

कॅनडा ह्या सगळ्यांच्या मधे कुठेतरी. १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर लीगल, बाहेर ३० ग्रॅमपर्यंत. पण विक्री कशी करायची ते प्रत्येक प्रांताने ठरवायचं, आणि म्हणून एकाच देशात दोन मॉडेल्स शेजारी शेजारी बघायला मिळतात. ऑन्टारियोत खाजगी दुकानं, हजाराच्या वर झाली, एका रस्त्यावर चार चार. क्युबेकमध्ये फक्त सरकारी कंपनीची दुकानं, वय २१, आणि गांजा घातलेल्या चॉकलेट-गोळ्यांना तिथे जागा नाही. टोरांटोला चुलत बहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या शेजाऱ्यांकडचा एक डबा मी हातात घेऊन बघितला, सवयीने उलटा करून. साधा एकरंगी डबा, लहान मुलाला उघडता येणार नाही असं दाबून फिरवायचं झाकण, पिवळ्या चौकोनात आरोग्याचा इशारा, लाल अष्टकोनात पान आणि त्याखाली टीएचसी, मिलिग्रॅममध्ये ताकद, लॉट नंबर, पॅक केल्याची तारीख, वर कराचा स्टॅम्प. माझ्या दुकानातल्या कुठल्याही डब्याइतका शिस्तीत. खायच्या पदार्थात एका पाकिटात १० मिलिग्रॅमच टीएचसी चालतं, तर कोलोराडोत ते १०० पर्यंत. हा फरक कागदावर लहान वाटतो, पण घरात तीन वर्षांचं पोर असेल आणि त्याने गमी बेअर समजून अख्खं पाकीट खाल्लं तर हाच फरक आयसीयूचा आहे. कॅनडातही असे पदार्थ विकायला लागल्यावर लहान मुलं हॉस्पिटलात येण्याचं प्रमाण वाढलं, आणि क्युबेकसारख्या, गोळ्या-चॉकलेट न विकणाऱ्या प्रांतांपेक्षा ऑन्टारियोसारख्या ठिकाणी जास्त वाढलं. मला विचाराल तर मला क्युबेकचं मॉडेल पटतं. काउंटरवरच्या माणसाला जास्त विकण्यात काही स्वारस्य नाही, पगार तेवढाच.

थायलंडचं उदाहरण उलट्या बाजूचं. ९ जून २०२२ ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, सरकारने दहा लाख रोपं वाटायची घोषणा केली, आणि नियमांचा कायदा मात्र संसदेत अडकून पडला. आधी दार उघडलं, मग चौकट शोधत बसले. हजारो दुकानं निघाली, बँकॉकच्या गल्लीगल्लीत हिरवं पान, आणि अखेर जून २०२५ मध्ये फुलोऱ्याला पुन्हा वैद्यकीय चिठ्ठी सक्तीची केली. ज्यांनी कर्ज काढून दुकानं टाकली, शेती लावली, त्यांचं काय झालं असेल. ह्याचा धागा आपल्यापर्यंत पण येतो, मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांतून ‘हायड्रोपोनिक’, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला, गांजा पकडल्याच्या बातम्या अलीकडे सतत येतात ना, तो बराचसा तिकडूनच आलेला. आणि बॅग आणणारा पोरगा बहुतेक वेळा कोणीतरी फुकट ट्रिपचं आमिष दाखवलेला.

सिंगापूरचं थोडक्यात, तिथे ५०० ग्रॅमच्या वर गांजाच्या तस्करीला फाशी आहे आणि ती देतातही, एप्रिल २०२३ मध्ये साधारण एक किलोच्या प्रकरणात दिली. सिंगापूरच्या नागरिकाने किंवा तिथल्या पीआरने, म्हणजे कायमच्या रहिवाशाने, दुसऱ्या देशात ओढून परत आल्यावर टेस्टमध्ये सापडलं तरी कारवाई होते. तिकडे नोकरीला असलेल्यांनी ‘मी तर ॲमस्टरडॅमला ओढला होता’ ह्या बचावावर विसंबू नये.

आता आपलं. माझं मत विचाराल तर उद्या पुण्यात गांजाची दुकानं निघावीत असं मला अजिबात वाटत नाही. पण स्वतःपुरती पुडी सापडलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला आणि ट्रक भरून माल आणणाऱ्याला एकाच नावाच्या कायद्यात, एकाच कोर्टाच्या दारात उभं करणं मला पटत नाही, पोर्तुगालसारखी समितीची खोली आपल्याकडे का नसावी? सरकारच्याच २०१९ च्या पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले ३.१ कोटी लोक निघाले. एवढ्यांना कुठल्या तुरुंगात बसवणार. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर खटल्यातून सूट द्यायची तरतूद आपल्याही कायद्यात आहे, पण किती जणांच्या आईवडिलांना ती माहीत असते? पोर पकडलं गेलं की पहिला फोन वकिलाला जातो, डॉक्टरचं नाव नंतर कधीतरी.

आणि औषध. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा सगळ्यात घातक पदार्थांच्या यादीतून काढला, २७ विरुद्ध २५ मतांनी, त्यात भारताने बाजूने मत दिलं. इकडे मात्र पेशंटला मिळणारा रस्ता एकच धड आहे, आयुर्वेदिक परवान्याखालचे ‘विजया’ म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचे प्रॉडक्ट. आयुर्वेदिक औषधांच्या नियमात भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पण ते मागवलं जातं ऑनलाइन, आणि आमच्या काउंटरवर येतं ते प्रश्न बनून.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले, चाळिशीतले, खिशातून एक छोटी ड्रॉपरची बाटली काढली आणि म्हणाले, "मॅडम, वडिलांचं दुखणं बघवत नाही, झोप नाही त्यांना, हे तेल कोणीतरी सुचवलं, किती थेंब देऊ?" मी सवयीने बाटली उलटी केली. विजया अर्क लिहिलं होतं, टीएचसी किती आणि सीबीडी किती ते कुठे सापडेना. मी म्हटलं वडिलांच्या चालू गोळ्यांची यादी आहे का? त्यांनी मोबाइलमध्ये फोटो दाखवला. तिसऱ्या ओळीत वॉरफेरिन होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी. सीबीडीमुळे लिव्हर ती गोळी नेहमीच्या वेगाने संपवत नाही, तिचा असर वाढतो आणि कुठेतरी आतून रक्तस्राव सुरू होऊ शकतो. मी त्यांना म्हटलं, दादा, आज एकही थेंब देऊ नका, आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती टेस्ट, करून घ्या आणि ही बाटली घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, लपवू नका त्यांच्यापासून. ते म्हणाले, डॉक्टर ओरडतील. मी म्हटलं ओरडू देत. मग कागदावर दोन्ही नावं लिहून दिली, बाटलीचं आणि गोळीचं, म्हणजे तिथे गेल्यावर विसरायला नको.